मच्छीमारांचं जुनं तरंगतं घर: पाण्यात ठेवावं की जमिनीवर?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. तुमच्या छोट्या संग्रहालयाला मच्छीमारांचं एक जुनं तरंगतं घर भेट मिळालं आहे. खाली साधारण १० मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद अशी सपाट तळाची पाइनची नाव, वर दोन खोल्यांचं लाकडी घर, आत लोखंडी शेगडी आणि भिंतीला ठोकलेले झोपायचे बाक. मासेमारीच्या हंगामात ते दुसऱ्या बोटीला बांधून ओढत नेत, हंगाम संपला की परत आणत. गेली ८ वर्षं ते खाजणाच्या काठावर ताडपत्रीखाली पडून आहे. कोणी म्हणतं पाण्यात सोडा, फळ्या फुगून सांधे आपोआप मिटतील. कोणी म्हणतं तळाला बाहेरून फायबरग्लासचं अस्तर द्या. आणि समितीतल्या काहींना ते ‘मूळ रूपात’ आणायचं आहे, म्हणजे नंतर घातलेलं पत्र्याचं छप्पर आणि मागचा ओटा काढून टाकायचा आहे.

प्रश्न तीन दिसतात, पण त्यांच्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. ही वस्तू तुम्ही काय म्हणून जपणार आहात? फिरती नाव म्हणून जपायची तर ती पाण्यात हवी आणि तिच्या बऱ्याचशा फळ्या बदलाव्या लागतील. लोक एका हंगामापुरते पाण्यावर कसे राहत होते याचा पुरावा म्हणून जपायची तर जितकं जुनं लाकूड, जुने खिळे, जुना रंग जागच्या जागी राहील तितकं चांगलं, आणि मग ती कोरड्या जागी, छपराखाली हवी. मी लाकडी नावांच्या जतनाचं काम करते. तुमच्यासारख्या छोट्या संस्थेला मी जवळजवळ नेहमी दुसरा मार्ग सुचवते. का, ते पुढे सांगते. कोणत्या परिस्थितीत माझं मत बदलेल, तेही सांगते.

आधी ही वस्तू कोणत्या जातीची आहे ते पाहू, कारण दुरुस्तीचे बरेच निर्णय त्यातून निघतात. अशी घरं एकमेकांशी काही संबंध नसलेल्या प्रदेशांत तयार झाली, कारण अडचण सारखीच होती. मासा वर्षातले थोडेच आठवडे एखाद्या जागी मुबलक येतो, ती जागा वस्तीपासून लांब असते, आणि काठाची जमीन बहुधा दुसऱ्याच्या मालकीची. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या उत्तर टोकाला, सस्क्वेहाना नदीच्या मुखाशी, शॅड आणि हेरिंग हे मासे वसंत ऋतूत अंडी घालायला समुद्रातून नदीत चढत. तेवढ्या मोसमासाठी मच्छीमार ‘आर्क’ म्हणून ओळखली जाणारी सपाट तळाची तरंगती घरं ओढून नेत आणि जाळ्यांच्या जवळ मुक्काम करत. पुढे १९२८ मध्ये त्या नदीवर कोनोविंगो धरण उभं राहिलं आणि वर चढणाऱ्या माशांची वाट बंद झाली. बेसुमार मासेमारीने साठा आधीच रोडावला होता. १९८० मध्ये मेरीलँड राज्याने शॅड पकडण्यावर बंदी घातली. ज्या हंगामासाठी ही घरं बांधली होती तो हंगामच उरला नाही, मग घरं तरी कशाला उरतील?

कंबोडियातल्या तोनले साप सरोवरावर वेगळाच प्रकार दिसतो. कोरड्या ऋतूत सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असणारं हे सरोवर पावसाळ्याअखेर १५,००० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं, आणि तिथल्या तरंगत्या वस्त्या पाण्याच्या काठाबरोबर पुढेमागे सरकतात. काश्मीरमधली राहती नाव, डोंगा, आणखी निराळी. ब्रिटिश अधिकारी वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ मध्ये तिची मापं दिली आहेत: लांबी ५० ते ६० फूट, रुंदी मात्र ६ फुटांच्या आसपास, पाण्याखाली बुडणारा भाग २ फूट, वर चटयांचं छप्पर आणि चटयांच्याच बाजू. म्हणजे लांबी रुंदीच्या आठ-दहा पट. अरुंद जलमार्गांतून बांबू रेटत किंवा काठावरून दोरी ओढत जायचं असेल तर नाव अशीच हवी.

तुमच्या नावेची लांबी रुंदीच्या तिप्पटही नाही. ती जाण्यासाठी बांधलेली नाही, बसण्यासाठी बांधलेली आहे. वर्षातून दोनदा ओढली जाणार, बाकीचा काळ संथ पाण्यात नांगरून किंवा भरतीच्या वेळी चिखलावर चढवून ठेवली जाणार. म्हणून तळ सपाट, बाजू उभ्या आणि बुडणारा भाग उथळ. अशा नावेला लाटांचा मार सोसायचा नसतो, त्यामुळे आतल्या फासळ्या विरळ आणि साध्या असतात. सपाट तळाला स्वतःचा ताठपणा कमी असतो, हे लक्षात ठेवा. टेकूंच्या भागात ते पुन्हा येईल.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या अनुभवात ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते: तुमच्याकडे दोन वेगळ्या रचना आहेत. खालची नाव जाड फळ्यांची आहे. ती ओली राहावी, फुगावी, थोडी लवावी अशा हिशेबाने बांधलेली असते. वरचं घर पातळ लाकडाचं, काटकोनांचं. ते कोरडं आणि ताठ राहावं अशा हिशेबाने. पुष्कळदा नाव एकाने बांधलेली असते आणि घर दुसऱ्याने, कधी कधी बऱ्याच वर्षांच्या अंतराने. खालची रचना हलते, वरचीला हलायचं नसतं, आणि दोघींची भांडणं जिथे त्या एकमेकींना भेटतात तिथे होतात. घराच्या भिंतींखालची आडवी तुळई जिथे डेकवर, म्हणजे नावेच्या वरच्या फळ्यांवर, टेकते, तिथे पाणी अडतं, रंगाला भेग जाते, खिळे सैल होतात. एकच जागा तपासायला वेळ असेल तर ती तुळई तपासा. बारीक टोच्या घेऊन दर हातभर अंतरावर अलगद दाबून पाहा. निरोगी लाकूड टोच्याला विरोध करतं, आणि उचकटलं तर लांब धागा निघतो. कुजलेलं लाकूड आत घेतं आणि त्याचे आखूड तुकडे पडतात. लाकडी हातोडीने ठोकून आवाजही ऐका, खणखणीत आणि बद यातला फरक चटकन कळायला लागतो. ओलावा मोजण्याचं यंत्र वापरणार असाल तर सावध राहा. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या लाकडात मीठ असतं, आणि मिठामुळे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त ओलावा दाखवतं. आकडा खरा मानण्यापेक्षा एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करा.

आता पाण्यात सोडण्याबद्दल.

जे पाण्यात सोडा म्हणतात त्यांचं अर्धं बरोबर आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली असला की ती वाढत नाही. उलट लाकूड पूर्ण बुडालेलं असेल तर तिला प्राणवायू पुरत नाही. म्हणून नावेचा कायम पाण्याखाली असणारा भाग बुरशीपासून बऱ्यापैकी सुरक्षित असतो. खरं नुकसान मधल्या पट्ट्यात होतं, जिथे लाकूड भिजतं, अर्धवट सुकतं, पुन्हा भिजतं. आणि त्यातही समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त घातक. जुन्या काळी लाकडी जहाजांच्या फासळ्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरत, ते याच कारणासाठी. तुमच्या घराचा शत्रू वरून येतो: छपरातून, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून, फळीच्या कापलेल्या टोकातून.

पण पाण्याखालचा भाग बुरशीपासून सुरक्षित म्हणजे सगळ्यापासून सुरक्षित, असं होत नाही. पाणी पुरेसं खारं असेल तर लाकूड पोखरणारे जीव असतात. टेरेडो हा खरं तर शिंपल्यांच्या कुळातला, पण लांब अळीसारखा दिसणारा जीव आहे. तो सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतून फळी पोकळ करतो, बाहेरून काही दिसत नाही. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं तेव्हा इतकं शाबूत होतं याचं एक मोठं कारण हे की बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात टेरेडो तग धरत नाही. तुमच्या खाजणातलं पाणी किती खारट आहे आणि ते वर्षभरात कसं बदलतं, हे मोजल्याशिवाय या बाबतीत कोणीही ठामपणे बोलू नये. साधी चाचणीही आहे. प्रक्रिया न केलेल्या पाइनच्या पट्ट्या दोरीला बांधून वर्षभर पाण्यात लटकवा, दर दोन-तीन महिन्यांनी एक पट्टी काढून उभी चिरून पाहा.

‘वासा’चा विषय निघाला म्हणून एक खुलासा करते, कारण बहुतेक समित्यांत कोणीतरी त्याच्यावर वापरलेल्या रसायनाचं नाव घेतंच. त्या जहाजावर १७ वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉलची फवारणी केली होती. शतकानुशतकं पाण्यात राहून ज्या लाकडाच्या पेशींचा गाभा विरघळून गेला आहे, त्या लाकडासाठी तो उपाय होता. तुमचं लाकूड तसं नाही. त्या वाटेला जाऊ नका.

८ वर्षं वाळलेल्या नावेला एकदम पाण्यात सोडण्यात खरा धोका कोणता, तो आता सांगते. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र आकसतं. वाढचक्रांच्या दिशेने ते चक्रांना काटकोनातल्या दिशेच्या साधारण दुप्पट आकसतं. सपाट कापलेली २०० मिलिमीटर रुंदीची पाइनची फळी पूर्ण ओल्या अवस्थेतून हवेवर वाळेपर्यंत ८ ते १० मिलिमीटरने अरुंद होऊ शकते. म्हणून तुमचे सांधे उघडले आहेत. ते उघडे सांधे बघून उत्साही माणसं त्यात धागा ठासतात, वरून घट्ट होणारी लांबी (पुटी) भरतात, आणि मग नाव पाण्यात सोडतात. फळ्या फुगायला लागतात. त्यांची जागा आता भरलेली असते, मग त्या एकमेकींना रेटतात. खिळे उपटतात, फासळ्या तडकतात, कधी फळीच मधून उचलली जाते. त्यामुळे एक नियम मी काटेकोर पाळायला सांगते: वाळलेल्या नावेच्या सांध्यांत कडक काही ठासायचं नाही. पाण्यात न्यायचीच असेल तर आधी काही आठवडे आतून ओली गोणपाटं अंथरून तिला हळूहळू ओलं करा. ते पाणी खारं मिळालं तर उत्तम, म्हणजे बुरशीला संधी कमी. सांधे किती मिटतात ते बघा, आणि उरलेल्या फटींत मऊ राहणारं, दाबलं जाणारं भरण घाला.

हे सगळं जमेल. पण त्यानंतर काय? पाण्यातली लाकडी नाव दर वर्षी किंवा दोन वर्षांनी बाहेर काढून खरवडावी, रंगवावी लागते. तळात साचणारं पाणी उपसणारा पंप लागतो, आणि पंप बंद पडला तर त्याच दिवशी कळेल असा माणूस लागतो. छोट्या संस्था पहिली दुरुस्ती मोठ्या उमेदीने करतात, त्यासाठी देणगीही मिळते. पाचव्या-सहाव्या वर्षी, लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असताना, नाव एका रात्रीत बुडते. म्हणून मी जमीन सुचवते. माझं मत बदलेल अशी परिस्थिती अशी: तुमच्या पाण्यात पोखरणारे जीव नाहीत, जवळपास लाकडी नावा दुरुस्त करणारे कारागीर अजून काम करत आहेत, दर वर्षीच्या देखभालीची सोय लेखी आणि पक्की आहे, आणि नाव तपासल्यावर फळ्यांपेक्षा फक्त सांधेच खराब निघाले आहेत. चारही असतील तर पाण्यात ठेवलेलं मला जास्त आवडेल. तरंगत असताना अशा घराचं जमिनीपासूनचं अंतर, त्याचं किंचित हलणं, दारातून दिसणारं पाणी हे सगळं कळतं, आणि ते शेडमध्ये दाखवता येत नाही. ही उणीव मी कमी लेखत नाही.

जमिनीवर ठेवायचं ठरलं तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेकू. पाण्यात नावेला तळाच्या प्रत्येक इंचाचा आधार असतो. जमिनीवर तो चार-सहा ठिकाणांवर येतो, आणि सपाट तळ त्यांच्या मध्ये लवतो. फक्त मध्ये आधार दिला तर दोन्ही टोकं खाली झुकतात, फक्त टोकांना दिला तर मध्य बसतो. आधी तळाच्या फळ्या कोणत्या दिशेने आहेत ते बघा. लांबीच्या दिशेने असतील तर आडव्या तुळया थेट फासळ्यांच्या खाली येऊ द्या. आडव्या असतील, आणि अशा साध्या नावांत पुष्कळदा त्या आडव्याच असतात, तर दोन्ही बाजूंच्या खालच्या कडांना आणि मधल्या उभ्या लाकडाला लांबीभर आधार द्या. घराच्या भिंती आणि शेगडी जिथे आहेत तिथे जास्तीचे टेकू. तळ जमिनीपासून इतका वर हवा की खाली माणूस सरपटत जाऊन पाहू शकेल आणि वारा खेळेल. मातीवर थेट ठेवलेली नाव खालून ओल ओढून घेते.

टोकापासून टोकापर्यंत डेकच्या बाजूने एक दोरी ताणा आणि दर मीटरला दोरी व लाकूड यांतलं अंतर लिहून ठेवा. दर महिन्याला तेच मोजा. नाव बसते आहे की स्थिर आहे, ते यातून कळेल. आणि घराचं दार अडकत असेल तर ते रंधून घेऊ नका. चौकट वाकडी झाली आहे कारण खाली नाव वाकली आहे. दार ही तुमच्याकडची फुकटची मोजपट्टी आहे. टेकू सरळ केल्यावर दार पुन्हा मोकळं फिरायला लागतं, आणि रंधलेलं असेल तर तेव्हा त्याला फट पडते. वाकलेली नाव सरळ करताना जॅक एका वेळी काही मिलिमीटरच उचला आणि काही आठवडे थांबा. लाकूड वर्षानुवर्षं वाकत गेलेलं असतं. एका दिवसात उचललं तर ते सरळ होत नाही, तुटतं.

ताडपत्री आजच सैल करा आणि जमेल तितक्या लवकर बदला असं म्हणेन. अंगाला घट्ट गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या खाली रात्री बाष्प साचतं आणि थेंब लाकडावरच पडतात. ८ वर्षांत या घराचं जेवढं नुकसान झालं आहे त्यातलं बरंचसं त्या ताडपत्रीखाली झालं असणार. घरापासून वेगळा उभा केलेला आढा, त्यावर दोन्ही बाजूंनी उतरतं कापड, दोन्ही टोकं उघडी. एवढ्यानेही फार फरक पडतो. पुढे जमेल तेव्हा कायमचं छप्पर, बाजू मोकळ्या, पन्हाळीचं पाणी नावेपासून लांब जाणारं. बंद, गरम केलेल्या दालनात मात्र एकदम नेऊ नका. तिथली कोरडी हवा उरलेल्या सांध्यांबरोबर घराच्या पातळ फळ्याही चिरते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातला ओलावा सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावतो, आणि ते तुमच्यासाठी चांगलं आहे. नेमक्या आकड्यापेक्षा तो वर-खाली न होणं जास्त मोलाचं.

फायबरग्लासला माझं उत्तर ‘नको’ आहे. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, फायबरग्लासमधल्या राळेचं (रेझिनचं) कवच हलत नाही. तुमच्या फळ्यांत आधीच डांबर, तेल आणि मीठ मुरलेलं आहे, त्यावर राळ नीट धरत नाही. जिथे सुटते तिथून पाणी आत जातं आणि मग ते बाहेर पडायला वाट उरत नाही, म्हणजे बुरशीला हवी तशी कायमची अर्धी ओल तुम्ही स्वतःच तयार करून देता. काही वर्षांनी कवच काढायचं म्हटलं तर त्याच्याबरोबर लाकडाचा वरचा थर निघून येतो, आणि नाव बांधणाऱ्याच्या हत्यारांच्या खुणा तिथेच असतात. एखादी नाव नुसतं तरंगतं कार्यालय म्हणून आणखी थोडी वर्षं चालवायची असती तर मी इतका विरोध केला नसता. जमिनीवर ठेवायच्या वस्तूला तर जलरोधक कवचाची गरजच नाही.

खिळ्यांबद्दल थोडंसं. लोखंडी खिळ्याभोवतीचं लाकूड काळं आणि भुसभुशीत झालेलं दिसेल. गंजाने तिथला लाकडाचा धागाच खाल्लेला असतो. असे खिळे ओढून काढायला गेलात तर फळीचा तुकडा बरोबर येतो. त्यांना जागेवर राहू द्या, आणि जिथे खरोखर ताकद हवी तिथे शेजारी नवीन खिळा द्या. जुन्या लोखंडाला लागून तांबं किंवा पितळ वापरू नका. ओल्या खाऱ्या लाकडात दोन धातू एकत्र आले की लोखंड झपाट्याने जातं. बुरशीविरुद्ध बोरेट या क्षाराच्या कांड्या घराच्या तुळईत आणि खिडक्यांच्या खालच्या लाकडात चांगलं काम करतात. मात्र बोरेट पाण्यात विरघळून जातं, म्हणून नाव पाण्यात ठेवणार असाल तर पाण्याच्या रेषेखाली त्याचा उपयोग नाही.

आता ‘मूळ रूप’. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मूळ म्हणजे कोणतं? पहिल्या हंगामातलं? की ज्या काळात ते सर्वांत जास्त वापरलं गेलं तेव्हाचं? हंगामी घर दर वर्षी थोडं बदलतं. एका वर्षी जाळी ठेवायला कडीपाट वाढवतात, एका वर्षी मूल झालं म्हणून बाक रुंद करतात. पत्र्याचं छप्पर घातलं गेलं म्हणूनच खालचं लाकूड तुम्हाला मिळालं आहे, ही शक्यता आधी तपासा. आणि मागचा ओटा? ओढून नेल्या जाणाऱ्या घराला असा ओटा अडचणीचा. तो बसवला गेला म्हणजे बहुधा त्यानंतर घर हललं नाही. तसं असेल तर हंगामी फिरणं थांबल्याचा तुमच्याकडचा सर्वांत ठोस पुरावा तो ओटाच आहे, आणि समिती नेमका तोच काढायला निघाली आहे. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलं आहे की वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली योग्य भर जपली पाहिजे, एकसारखी शैली साधणं हा जतनाचा हेतू नव्हे. ती सनद इमारतींसाठी लिहिली गेली, पण नावांच्या जतनातही तिचंच तत्त्व पुढे नेलं गेलं आहे. अर्थात घर किनाऱ्यावर पडून राहिल्यानंतर देणगीदाराने पावसाळी सामान ठेवायला ओटा जोडला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी विचारा, मग ठरवा.

विचारायचं कोणाला? या घरात राहिलेलं, निदान लहानपणी त्यात झोपलेलं कोणी अजून असेल. लाकूड आणखी दहा वर्षं थांबू शकतं, त्या माणसाचं सांगता येत नाही. त्यांना घरात बसवून विचारा: कोण कुठे झोपायचं, जाळी कुठे सुकायची, शेगडीचा धूर कोणत्या वाऱ्याला आत यायचा, ओढणारी बोट कोणाची होती, कोणत्या ठिकाणी नांगरायचे, हंगाम संपला हे कशावरून ठरायचं, पूर्ण कुटुंब यायचं की फक्त पुरुष. लोकांना तारखा आठवत नाहीत, जागा आठवतात. हातात खडू द्या आणि जमिनीवर काढून दाखवायला सांगा.

तोवर आतलं काहीही झाडू-पुसू नका. भिंतीवर पेन्सिलने लिहिलेले आकडे, बाकाच्या कडेला पडलेले सुरीचे चरे, शेगडीमागचा काजळीचा डाग, भेगा बुजवायला चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद हे सगळं त्या राहण्याचंच लिखाण आहे. वर्तमानपत्रावर तारीख असते, आणि कागद त्या तारखेआधी तिथे चिकटवला गेला नव्हता एवढं तरी त्यावरून नक्की ठरतं. प्रत्येक भिंतीचा मोजपट्टीसह समोरून फोटो घ्या, आराखडा काढा, प्रत्येक फळीला क्रमांक द्या. अमेरिकेत १९६९ पासून चालू असलेल्या ऐतिहासिक अभियांत्रिकी नोंदणीच्या उपक्रमात जहाजांचीही अशी मापनचित्रं काढली जातात, आणि ब्रिटनमध्ये जुन्या नावांची नोंद कशी करावी याची सविस्तर मार्गदर्शिका उपलब्ध आहे. दोन्ही पद्धती तुमच्या आकाराच्या नावेला सहज लागू पडतात. जुना रंग खरवडायचा मोह झाला तर आधी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या. शिसं असलेला रंग कोरडा घासला की त्याची धूळ काम करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरातल्या मुलांच्या शरीरात जाते.

तपासणीत नाव फारच खचलेली निघाली, तरी हात झटकू नका. अशा वेळी घर वेगळं उतरवून जपणं आणि खालच्या नावेची पूर्ण मापनचित्रं काढून तिचे निवडक भाग, एक कोपरा, एक फासळी, तळाच्या दोन फळ्या ठेवणं हाही जतनाचाच मान्य मार्ग आहे. तो शेवटचा पर्याय आहे, पण सगळी नाव नव्या लाकडाने बांधून तिला जुनी म्हणण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

लोकांना आत सोडायचं असेल तर डेकवर थेट चालू देऊ नका. नावेपासून स्वतंत्र उभा केलेला फळ्यांचा मार्ग करा, दारापर्यंत नेऊन आतल्या खोलीत थोडासा पुढे थांबवा, म्हणजे भार नावेवर येणार नाही आणि खोली तरीही दिसेल.

पुढचं नेमकं सांगायला मला चार फोटो लागतील: तळ खालून, भिंतीखालची तुळई डेकच्या पातळीवरून, दोन्ही टोकं बाजूने, आणि ओटा जिथे घराला जोडला आहे तो सांधा जवळून. त्याबरोबर दोरी ताणून घेतलेली मापं पाठवलीत तर टेकू कुठे आणि किती, हे मी आकृती काढून कळवेन. तोवर फक्त ताडपत्री सैल करा आणि दोन्ही टोकांनी वारा आत जाऊ द्या.